दिवाळीनंतर तंबू घेऊन मुरूड ते मालवण, कसं जावं?

प्रश्न: गाडीत तंबू टाकून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय, आईबाबा सोबत आहेत, जंजिरा बघायचाच आहे. हायवे धरू का?

प्रतिसाद १: हायवे नकोच हो! आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्हीकडे फेरीबोटीत गाडी चढते आणि खाडी ओलांडतानाच खरं कोकण दिसतं. तेव्हा भातकापणी पण चालू असते.

प्रतिसाद २: तंबू गावात विचारूनच लावा, भरतीच्या रेषेच्या बराच वर. आम्ही अमावस्येला खाली लावलेला, पहाटे अंथरूण भिजलं. नारळाखाली तर अजिबात नको.

प्रतिसाद ३: सिंधुदुर्गाला अख्खी सकाळ द्या. महाराजांनी १६६४ला बांधायला घेतला, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. मला तर तिथून निघवतच नाही.