कायमचे बदलणारे बोर्ड गेम: पट पुन्हा कोरा करता यायला हवा का?

कवडी

'पँडेमिक लेगसी'चा पहिला सीझन आम्ही चौघं दर शनिवारी रात्री खेळतोय. सध्या ऑगस्ट चालू आहे. (पुढचं कुणी काही फोडू नका, हात जोडून विनंती.)

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटावर जगातली ४८ शहरं, चार रोग, आणि खेळणारे सगळे एकाच बाजूला. एखाद्या शहरात उद्रेक झाला की तिथली घबराट एक पायरी वर चढते आणि तसं स्टिकर पटावर चिकटवायचं. दुसऱ्या पायरीला दंगल पेटते. तिथलं संशोधन केंद्र जातं, थेट विमानानं तिथे उतरता येत नाही. महत्त्वाचं म्हणजे डाव संपला तरी ते स्टिकर तिथेच राहतं, पुढच्या डावातही. पात्रांच्या अंगावर व्रण उमटतात, तेही राहतात. जे पात्र कायमचं गेलं त्याचं कार्ड फाडायचं, असं नियमातच लिहिलंय. खेळ जानेवारी ते डिसेंबर. महिना हरलात तर तोच महिना आणखी एकदा. म्हणजे कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त २४ डाव, की खोकं संपलं.

परवा आमच्या मुंबईत दंगल पेटली. स्टिकर माझ्या हातात होतं. चिकटवताना मला खरंच वाईट वाटलं, आणि त्यात मुंबईचं दुःख थोडं, खोक्याचं जास्त होतं. कोल्हापूरला माझी बहीण आहे, तिची दोन मुलं दहावी-बारावीत. गेल्या दिवाळीपासून तिघं मागे लागलेत, 'तुझं झालं की आम्हाला दे.' काय देऊ? आमच्या चुकांनी गिचमिड झालेला पट?

फिरत्या वाचनालयाचा दिवाळी अंक घरी यायचा आणि शब्दकोडं कुणीतरी आधीच पेनानं भरून ठेवलेलं असायचं. त्या माणसाचा मला अजून राग येतो. हे खेळ विकणारे सगळ्यांना तेच करायला लावतात. माझं म्हणणं सरळ आहे: एवढी मेहनत घेऊन बनवलेली वस्तू पुन्हा कोरी करता आलीच पाहिजे. निघणारी स्टिकरं द्या, पुसता येणारी शाई द्या, कार्ड फाडायला सांगण्याऐवजी पाकिटात ठेवायला सांगा. आपल्याकडे हे खेळ बहुतेक बाहेरून येतात, आयातकरासकट. एका वर्षात ते रद्दीत जाणार असतील, तर हा खेळ फक्त ज्यांना परवडतो त्यांचाच राहील.

मृगनक्षत्र

पूर्ण असहमत, आणि जरा तळमळीनं लिहितोय.

आमच्याकडे 'रिस्क लेगसी' आहे, 'रिस्क' या फौजा लढवून जग जिंकण्याच्या जुन्या खेळावर बेतलेला. २०११चा खेळ, रॉब डॅव्हिओ आणि ख्रिस ड्यूपुई यांचा. या प्रकाराची सुरुवातच तिथून झाली. पहिल्याच डावात प्रत्येक फौजेला दोन शक्तींपैकी एक निवडायची असते. निवडलेली चिकटवायची, दुसरी नष्ट करायची. आम्ही पाच जण, हॉस्टेलचं शेवटचं वर्ष. ती दुसरी फाडायची वेळ आली तेव्हा पाचही जण गप्प झाले होते. साध्या 'रिस्क'मध्ये अशी शांतता मी कधीच अनुभवली नाही, कारण तिथे चूक झाली तर 'चल, परत लावू' म्हणता येतं.

जिंकणारा पटावर सही करतो, शहर वसवतो किंवा खंडाला नाव देतो. आमच्या पटावर ऑस्ट्रेलियाचं नाव 'मावशींची मेस' आहे. आइसलँडमध्ये एक शहर आहे, 'कात्रज'. पाच जणांच्या सह्या आहेत, त्यातले तिघं आज तीन वेगळ्या देशांत. तुमच्या मागणीप्रमाणे ती नावं पुसता येणारी असती, तर दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पुसलीच असती. आम्हीच पुसली असती.

दिवाळीत आपण किल्ला करतो. चिखल, हळीव, मावळे, सगळं. आणि मग मोडतो. प्लास्टिकचा तयार किल्ला दरवर्षी माळ्यावरून काढता येतो, म्हणून तो जास्त चांगला होत नाही.

आणि 'रद्दीत जातो' हे तर खरंच नाही. १५ डाव झाले की मोहीम संपते, पण तो पट खेळता येतो. तुमचा पट, तुमच्या नकाशासकट. आम्ही एकत्र आलो की अजूनही त्यावरच खेळतो.

शेंगदाणा

किल्ला मोडला तरी माती उरते, भाऊ. पुढच्या वर्षी त्याच मातीचा प्रतापगड. फाडलेल्या कार्डाचं काय करणार?

चौकटराणी

दोघंही दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय असं मला वाटतं. मी आमच्या सोसायटीत खेळांचं एक कपाट चालवते, वीसेक घरं खेळ नेतात-आणतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दर रविवारी दारात उभा असतो.

खेळ 'पुन्हा खेळता येणं' एक आणि खेळ 'दुसऱ्याला देता येणं' दुसरं. कवडीला पहिलं नकोच आहे. नीट वाचा, त्यांना बहिणीला द्यायचाय. खरं तर पहिलं शक्यही नाही. कारण या खेळांत संपतं ते गुपित, कागद नव्हे. कुठल्या महिन्यात कुठली पेटी उघडते आणि आत काय आहे हे एकदा कळलं की पट कितीही कोरा करा, तुमचा जानेवारी परत येत नाही.

आता याची दुसरी बाजू बघा. 'एक्झिट' नावाची कोडी-खेळांची मालिका आहे, जर्मन, इंका आणि मार्कुस ब्रांड यांची. त्यात कार्डं कापायची, दुमडायची, लिहायची. संपलं की खोकं टाकून द्या. त्याच धाटणीची 'अनलॉक' ही फ्रेंच मालिका, तिच्यात काहीच फाडावं लागत नाही. खेळणाऱ्यासाठी दोन्ही एकदाच, कारण उत्तरं कळून चुकतात. पण 'अनलॉक'चा एक डबा माझ्या कपाटातून नऊ घरं फिरून आला, आणि 'एक्झिट' एका संध्याकाळी कचऱ्यात गेला. नऊ घरांना मिळालेला आनंद पहिल्या घराच्या आनंदातून वजा झाला का? अजिबात नाही.

म्हणून मी कवडीच्या बाजूची, पण कारण वेगळं. गुपित प्रत्येक घराला एकदाच, हे ठीक. कागदानं एकाच घरात का मरावं?

राइनकाठ

जर्मनीत बारा वर्षं आहे, ऑक्टोबरात एसेनच्या खेळमेळ्याला जमेल तसा जातो, म्हणून दोन शब्द. 'एक्झिट'ला इथे २०१७ साली जाणकार खेळाडूंसाठीचा वर्षाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा हाच वाद माझ्या सहकाऱ्यांमध्ये झाला होता. माझं मत मात्र चौकटराणींच्या विरुद्ध आहे. 'एक्झिट'मध्ये कापायला परवानगी असते म्हणूनच कोडी तशी रचता येतात. कागदाची घडी, कापलेली कड, खोक्याचा कोपरा, सगळंच कोड्याचा भाग होऊ शकतं. 'काही फाडायचं नाही' अशी अट घातली की लेखकाच्या हातातलं एक हत्यार काढून घेतलं जातं. मी दोन्ही मालिका भरपूर खेळलोय, आणि माझ्या आठवणीत राहिलेली कोडी कात्रीची आहेत.

मधला रस्ता काढणारेही आहेत. 'चार्टरस्टोन' हा २०१७चा गाव वसवण्याचा खेळ, १२ डावांचा. त्याचा पट दोन्ही बाजूंनी छापलेला आहे आणि नव्या कार्ड-स्टिकरांचा संच वेगळा मिळतो. म्हणजे त्याच खोक्यात दुसऱ्यांदा पहिल्यापासून. राइनर क्निझिया यांचा 'माय सिटी' (२०२०) २४ डावांचा, आणि पटाच्या मागच्या बाजूला कायम खेळता येईल असा साधा खेळ. हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. गोष्ट संपली हे तो मान्य करतो आणि खेळ तरीही तुमच्याकडे ठेवतो. 'ग्लूमहेवन' या लांबलचक मोहिमेच्या खेळासाठी निघणारी स्टिकरंही मिळतात. माझ्या एका मित्रानं घेतली, मोहीम संपल्यावर नकाशावरून एकेक सोलली, दहा किलोचं खोकं नीट लावून ठेवलं. तीन वर्षं ते तसंच आहे.

कवडी

चौकटराणी, तुम्ही माझ्या मनातलं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. मला दुसऱ्यांदा खेळायचं नाहीये, हे तुमचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं.

मृगनक्षत्र, 'मावशींची मेस' वाचून मी थांबलो. ते पुसावं असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण तुमच्या खेळात आणि आमच्या खेळात फरक आहे. तुमचा पट शेवटी 'तुमचा' होतो, म्हणून पुढेही खेळावासा वाटतो. आमच्या खेळात गोष्ट आहे, आणि डिसेंबरनंतर तिला पुढे काही नाही. तुम्ही घर बांधलंत, आम्ही प्रवास केला. प्रवासाचं तिकीट दुसऱ्याला दिलं तर काय बिघडतं?

राइनकाठ, मित्राचं खोकं तीन वर्षं पडून आहे, कारण त्यानं ते कुणाला दिलं नाही. त्यात स्टिकरांचा दोष नाही.

मृगनक्षत्र

बिघडतं. सांगतो.

तुमच्याच खेळातलं बघा. महिना जिंकलात की पुढच्या डावाचा निधी, म्हणजे मदतीच्या खास कार्डांची संख्या, दोननं कमी होतो, हरलात की दोननं वाढतो. म्हणजे तो रचणाऱ्या मॅट लीकॉक आणि डॅव्हिओ यांनी हरणाऱ्याला हात देण्याची सोय आधीच केली आहे. ते निर्दय नाहीत. तरीही त्यांनी कार्ड फाडायला सांगितलं, ते तुम्हाला छळायला नव्हे. पाकिटात ठेवलेलं कार्ड आणि फाडलेलं कार्ड, नियमाच्या दृष्टीनं दोन्ही सारखीच. पण परवा मुंबईचं स्टिकर लावताना तुमचा हात थांबला, हे तुम्हीच लिहिलंय. ते स्टिकर निघणारं असतं तर थांबला असता का? ज्या क्षणाबद्दल तुम्ही हा धागा काढलात, तो क्षणच तुमच्या मागणीनं नाहीसा होतो.

पैशाचा मुद्दा मला मान्य आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण चौघांनी २४ शनिवार मोजले तर खोक्याची किंमत सिनेमाच्या तिकिटांखाली जाते.

चौकटराणी

सिनेमाचं तिकीट पुण्या-मुंबईच्या दरानं धरलंत. आमच्याकडे खेळ न्यायला येणाऱ्यांत निम्मी मुलं आहेत, त्यांच्यासाठी ते खोकं सिनेमाशी मोजलं जात नाही, शाळेच्या बुटांशी मोजलं जातं. आणि हात थांबतो तो त्या शहराशी आपण आठ महिने झुंजलो म्हणून. गोंदामुळे नव्हे. 'अनलॉक' घेऊन गेलेल्या नऊ घरांपैकी एकानंही मला 'काही फाडलं नाही म्हणून थरार कमी पडला' असं सांगितलेलं नाही.

राइनकाठ

'अनलॉक' तासाभराचा खेळ. बारा महिन्यांच्या ओझ्याशी त्याची तुलना होत नाही. एवढंच.

कवडी

मृगनक्षत्र, हात थांबला हे खरं आहे. दोन दिवस त्यावर विचार केला. आमच्या चौघांचं ठरलं ते सांगतो.

पटावरची स्टिकरं खरीच लावणार, मुंबईसकट. पण आतापासून कार्ड फाडणार नाही. जे जाईल ते पाकिटात, पाकीट बंद करून बहिणीकडे कोल्हापूरला. आमच्या घरात राहणार नाही, म्हणजे आमच्यापुरतं ते गेलंच. पटाचे फोटो काढून कोरा पट कुठे छापून मिळतो का ते बघतोय, आणि वापरलेल्या स्टिकरांची यादी दर शनिवारी लिहून ठेवतोय. जानेवारीपासूनची यादी आठवून केली, तिच्यात लागोसवर वाद आहे.

मृगनक्षत्र

कोल्हापूरला पाठवताय ते चांगलं. घरात ठेवलं असतंत तर मी मानलं नसतं. तरी माझा शनिवार असता तर मी फाडलंच असतं.

शेंगदाणा

बहिणीच्या मुलांना पाकीट उघडू नका म्हणून सांगा. दहावी-बारावीतली आहेत.

कवडी

सांगितलंय. तिनं ते कपाटात, तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवलंय.