शब्दचर्चा: ‘आढ्यता’ आणि ‘कृपा’

प्रश्न: बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, कर्मांनी नव्हे, ‘कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून’, असं वाचलं. इथे ‘गर्व’ किंवा ‘अभिमान’ का नाही? मला फक्त ‘आढ्यताखोर’ माहीत आहे.

उत्तर: ताई, ‘अभिमान’ आपल्याकडे चांगल्या अर्थानेही चालतो, लेकीचा अभिमान वाटतो. ‘गर्व’ चालला असता. पण मला इथे ‘आढ्यता’च हवी वाटते. ‘आढ्य’ म्हणजे श्रीमंत, ‘धनाढ्य’मधला. संस्कृतात आढ्यता म्हणजे संपन्नता. मराठीत तिचा ताठा झाला. माझी गाठ भरलेली आहे, मी कशाला कुणापुढे हात पसरू, हा तो ताठा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, सगळं देवापुढे मांडतो. तो खोटं बोलतो असं दाखल्यात कुठेच नाही. फक्त तो काही मागत नाही. त्याच दाखल्यातला दुसरा माणूस जकातदार, लोक ज्याला पापी समजत; त्याच्याजवळ मांडायला काहीच नव्हतं. तो दूर उभा राहून ऊर बडवत दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात धन्य म्हटलंय ते ‘आत्म्याने दीन’ असणाऱ्यांना. दीन आणि आढ्य, जोडी किती नेमकी जुळते पाहा.

प्रश्न: पण दादा, फुकट घ्यायला संकोच वाटणं म्हणजे गर्व का? आमच्या घरी ‘कुणाचे मिंधे होऊ नका’ हेच शिकवलं.

उत्तर: माझ्याही घरी. पण मिंधेपण येतं ते उपकाराने. उपकार फेडतात, त्यांचं ओझं होतं, कुणी ते बोलूनही दाखवतं. ‘कृपा फेडली’ असं कुणी म्हणतं का? कृपा होते, कृपा असते, कृपा राहो म्हणतात. उसनवारीच्या वहीत तिला पानच नाही. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीकमध्ये तर ‘खारिस’ हा एकच शब्द कृपेलाही येतो आणि आभारालाही.

आणि संकोचाचं म्हणाल तर, योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला आपले पाय धुऊ देत नाही. दिसायला नम्रता, पण आहे तो नकारच.

मला हे कळलं ते डब्यावरून. शस्त्रक्रियेनंतर मी घरी पडून होतो, तेव्हा शेजारच्या काकू रोज डबा पाठवायच्या. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली रीत, म्हणून मी कधी साखर, कधी दोन पेरू घालून द्यायचो. एक दिवस घरात काहीच नव्हतं. डबा घासून ओट्यावर तसाच ठेवला, दुसऱ्या दिवशीही. शेवटी काकूच दारात आल्या. म्हणाल्या, “अरे, डबा का अडवून ठेवलास? आजचं कशात देऊ?”

मी रिकामा डबा त्यांच्या हातात दिला.