क्लायंट स्वतःच साइट एडिट करतायत, आता एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) कशाची मागू? सल्ला द्या

गंगापूररोडकर
मंडळी, नाशकात एकटाच काम करतो, ९ वर्षं झाली. २३ साइट आहेत अंगावर, पंचवटीतले लॉज, दोन-तीन क्लास, एक येवल्याचा पैठणीवाला, पिंपळगावचे द्राक्षवाले असा सगळा मामला. साइट करून द्यायची १८-२० हजारात आणि मग खरं घर चालायचं ते बारीकसारीक बदलांवर, नंबर बदला ३००, फोटो टाका ५००, वर वर्षाची एएमसी ६ हजार. परवा एका लॉजवाल्या काकांनी बोलावलं, चहा पाजला आणि म्हणे, "अरे भाचा म्हणतो विक्सवर सगळं आपलं आपणच करता येतं, मग तुला ६ हजार कशाचे?" (विक्स म्हणजे कोड न लिहिता आपली साइट आपणच बांधायची सेवा.) खरं सांगतो, पटकन उत्तरच सुचलं नाही. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, म्हटलं तर म्हणे ते भाचा बघेल. आता २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, रेट सारखे बदलणार, म्हणून त्यांना स्वतःच्या हातात पाहिजे. एडिटिंग देऊ का? दिलं तर पैसे कशाचे लावू?

सातपूर_सर्किट
अजिबात देऊ नको. मी एका क्लासवाल्या सरांना ॲडमिन लॉगिन दिलं होतं. ऐन रिझल्टच्या दिवशी त्यांनी पॉपअपचं एक, स्लायडरचं एक आणि बर्फ पडतो ते एक, अशी तीन प्लगइन (साइटला जोडायचे जादा प्रोग्राम) टाकली (मे महिन्यात, नाशकात, बर्फ!) आणि साइट पांढरीफट. रात्री २ पर्यंत बसलो, बिल लावलं तर म्हणाले साइट तूच केलीस ना, मग दुरुस्तीचे पैसे कसले.

रविवारकारंजा
सर्किटभाऊ, ॲडमिन दिलंत ही चूक तुमची आहे, सरांची नाही. वर्डप्रेसमध्ये, ज्यावर आपण साइट बांधतो त्यात, एडिटर नावाचा रोल (कोणाला काय बदलता येईल ते ठरवणारी परवानगी) कशासाठी ठेवलाय? त्यातून पानं, पोस्ट, फोटो सगळं बदलता येतं पण प्लगइन, थीम, मेन्यूला हात लागत नाही. पान उडवता येतं त्यातून, हे खरंय, पण ते ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून असतं आणि मजकूर बिघडवला तर रिव्हिजनमधून मागचा परत आणता येतो. जीव जात नाही कोणाचा.

गंगापूररोडकर दादा, तुमचं खरं दुखणं असंय की तुम्ही टायपिंगचे पैसे घेत होता, आणि ते दिवस गेले. २०१८ च्या डिसेंबरला वर्डप्रेस ५.० सोबत ब्लॉक एडिटर आला, म्हणजे पानाचे तुकडे कोणालाही थेट बदलता यायला लागले, तेव्हाच कळायला पाहिजे होतं, मलाही कळलं नव्हतं म्हणा. मी आता काय करते, क्लायंटला अख्खं पान कधीच उघडं देत नाही. ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स नावाच्या प्लगइनने चार-पाच रकाने करून देते, रूमचं नाव, रेट, फोटो, एखादी सूचना, बस. त्याने रकान्यात काहीही भरलं तरी डिझाइन हलत नाही. ब्लॉकमध्ये केलं असेल तर ब्लॉक लॉक करता येतात, पण आपले काका लोक ते लॉकसुद्धा उघडून बघतात, म्हणून मला रकानेच बरे वाटतात. आणि फोटोवर मर्यादा घाला. मोबाइलचा ५-६ एमबीचा फोटो थेट चढवतात, तसे दहा चढले की साइट रांगते आणि मग म्हणतात तुमचं होस्टिंग भिकार आहे. हे रकाने करून द्यायचे सुरुवातीलाच वेगळे पैसे घेते, कारण साध्या साइटपेक्षा ते काम जास्त आहे.

दिंडोरीची_ताई
मी डेव्हलपर नाही, दिंडोरीजवळ आमचं फार्मस्टे आहे, तुमच्या लेखी क्लायंट पार्टी. राग मानू नका पण ३०० रुपयांचा प्रश्नच नसतो हो. शनिवारी रात्री द्राक्षतोडणीची बॅच फुल होते, मला तेव्हाच साइटवर "जागा नाही" लिहायचं असतं, डेव्हलपर फोन उचलतो सोमवारी अकराला, तोवर चार कुटुंबं गाडी काढून दारात. मी बॅकअपचे, अपडेटचे पैसे आनंदाने देते कारण ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण माझ्याच रेटला हात लावायला तुमची परवानगी कशाला?

सातपूर_सर्किट
ताई, तुमच्यासारखे क्लायंट कुठे मिळतात ते सांगा आधी.

मिसळ_आणि_कोड
त्या भाच्याला एकच विचारा, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर घेणार. आणि विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, नवीन बांधावी लागते, हे काकांना माहितीय का? भाडं भरत राहायचं तोवर दुकान. गूगलने बिझनेस प्रोफाइलवाल्या फुकट साइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या तेव्हा माझ्याकडे तीन दुकानदार धावत आले होते. तरी एक खरं सांगू, ज्याला एक पान आणि नंबर एवढंच पाहिजे त्याला मी स्वतःच विक्सकडे पाठवतो. त्याच्यामागे ६ हजारासाठी पळण्यात पेट्रोल जातं.

गंगापूररोडकर
अपडेट देतो. रविवारकारंजा ताईंचं ऐकून काकांसाठी रूमचे रकाने केले, एडिटर लॉगिन दिलं आणि काउंटरवर शेजारी बसून दाखवलं. काकांनी एका बोटाने अर्धा तास टाइप केलं, मी दोनदा माउस घ्यायला गेलो तर हात बाजूला केला माझा. सूचनेच्या रकान्यात लिहिलं, "गरम पाणी सकाळी ५ ते ९, रामकुंडावर जाणाऱ्यांनी ४ ला सांगावे, बंब लवकर पेटवू." नऊ वर्षांत मला ही ओळ सुचली नव्हती, मी तिथे आरामदायी वास्तव्य वगैरे लिहून ठेवलं होतं.

पैशाचं असं ठरलं की रकाने करायचे ७ हजार एकदाच, एएमसी साडेचार, त्यात बॅकअप, अपडेट आणि महिन्याला एक तास. त्यावर गेलं की तासाचे ६००. डोमेन काकांच्या नावावर करून टाकलं. मला दीड हजार कमीच मिळणार, पण इतर लॉजवाल्यांनाही हेच विकता येईल असं वाटतंय, दोघांना कोटेशन पाठवलंय.

एक राहिलंच, भाचा म्हणतो मलापण लॉगिन पाहिजे. कुठला रोल देऊ?

रविवारकारंजा
सबस्क्रायबर. साइटवरचं काहीच बदलता येत नाही त्यातून.