‘सिग्नल पडला’ म्हणजे थांबायचं की निघायचं?

रस्त्याकडेचा:
गेल्या आठवड्यात गाडीने जाताना डाव्या हाताला बराच वेळ एक बांध सोबत करत होता. शेताचा बांध नव्हे. शेताचा बांध जमिनीबरोबर खालीवर होतो. हा मात्र जमीन खाली गेली की उंच व्हायचा, जमीन वर आली की तिच्यात खोदून घुसायचा, पण स्वतःची पातळी सोडत नव्हता. म्हणजे रेल्वेच. रूळ कधीच उचलून नेलेले. पुढे घडीव दगडाची एक मोरी लागली आणि तिच्या अलीकडे झुडपांतून वर डोकावणारा हाताचा सिग्नल. गाडी बाजूला घेतली. (जागा मुद्दाम सांगत नाही, भंगारवालेही वाचतात.)

हात आडवा होता, टोक चौकोनी, लाल रंगाचे पोपडे सुटलेले. हाताच्या बुडाशी चष्म्यासारखी दोन काचांची चौकट. एक काच फुटलेली, दुसरी शाबूत. खांबाच्या पायाशी वजन लावलेला दांडा आणि त्याला वीतभर तार लोंबत होती.

सोबत मामा होते, वय ७४. म्हणाले, “शाळेत असताना हा पडला रे पडला की आम्ही धावत सुटायचो.” मला वाटलं, पडला म्हणजे मोडला. तर म्हणे, “मोडला कशाला? पडला म्हणजे गाडीला वाट मिळाली.”

इथवर ठीक होतं. अर्ध्या तासाने एका चौकात मागच्या सीटवरून मुलगी ओरडली, “बाबा, सिग्नल पडला, थांबा!” आणि मामा गंभीरपणे, “पडला तर थांबतोस कशाला?”

एकच वाक्य, एकाच गाडीत, दोन उलटे अर्थ. यातला मूळ कोणता? की दोघांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही?

जुनाखटका:
मामा बरोबर आहेत. माझे वडील रेल्वेच्या केबिनमध्ये, म्हणजे जिथून सिग्नल हलवतात त्या खोलीत, खटके ओढायचे आणि सुट्टीभर मी तिथेच पडीक असायचो. आमच्याकडे ‘पडला’ म्हणजे ‘जा’च.

तुम्ही पाहिलात तो हात खाली येणारा सिग्नल, लोअर क्वाड्रंट. केबिनमधला लाल खटका ओढला की कप्प्यांवरून गेलेली तार ताणली जाते, खांबाच्या पायाशी असलेला वजनाचा दांडा उचलला जातो आणि उभ्या सळईने हात साधारण ४५ अंश खाली येतो. तार लांबच लांब असायची. खटका ओढला की त्या सगळ्या कप्प्या ओळीने कुरकुरत जायच्या आणि मग दूरवर हात पडलेला दिसायचा. लाल खटके सिग्नलचे, काळे सांध्यांचे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे, निळे त्या सांध्यांच्या कुलपांचे.

उन्हाळ्यात तार लांबते. दुपारी खटका पुरता ओढूनही हात अर्धवटच उतरायचा. असा अर्धवट हात ड्रायव्हरने आडवाच समजायचा, म्हणजे गाडी थांबणार. मग तार ताणून घ्यायची आणि पुन्हा ओढायची. वडील घरी येऊन सांगायचे, “आज हात नीट पडतच नव्हता.” त्यामुळे आमच्या घरात पडणं या क्रियापदाला चांगले दिवस होते.

पोटशब्द:
किस्सा छान आहे, पण रेल्वेचा पडला रस्त्यावर येता येता उलटा झाला, असं लगेच मानू नका. मराठीत पडायला काही वरून खाली यावं लागत नाही. अंधार पडतो, थंडी पडते, गाठ पडते, प्रश्न पडतो, नाव पडतं, सवय पडते. एखादी गोष्ट आपोआप, आपल्या हातात नसताना घडून आली की मराठी माणूस ‘पडणे’ वापरतो. फासे टाकल्यावर दान पडतं, तसा चौकात लाल पडतो. तिथे हात नाही, तार नाही, तुमच्या वडिलांचा खटकाही नाही.

एक चाचणी सुचवतो. तुम्ही ‘हिरवा पडला’ असं म्हणता का? म्हणत असाल, तर पडण्याचा थांबण्याशी संबंधच नाही. जो दिवा लागेल तो पडला.

कोपऱ्यावरची:
मी म्हणत नाही. माझ्या तोंडी लाल पडतो किंवा लागतो, आणि हिरव्याला ‘सुटला’. “चल चल, सिग्नल सुटला.” हा ‘सुटला’ मात्र सरळ रेल्वेतून आलाय असं मला वाटतं, कारण गाडी सुटते. खरं तर सुटतो आपण, पण म्हणतो सिग्नल सुटला.

आणि ‘लागला’ हा वाटेवरच्या गोष्टींचा शब्द. घाट लागतो, गाव लागतं, फाटक लागतं, तसा सिग्नल लागतो. त्यात लाल-हिरवं काहीच नाही. पण हिरवा असलेला सिग्नल कुणाला ‘लागत’ नाही, हेही खरंय. अडवलं तरच लागतं.

चढणीचा:
जुनाखटका, तुमचा नियम सगळीकडे चालणार नाही. आमच्या स्टेशनवर हात वर जाणारे सिग्नल होते, अप्पर क्वाड्रंट. आडवा म्हणजे थांबा, ४५ अंश वर म्हणजे बेताने, सरळ उभा म्हणजे बिनधास्त. तिथे तार सोडली की हात स्वतःच्या वजनानेच खाली येऊन आडवा व्हायचा. म्हणजे आमच्याकडे हात खरोखर पडायचा तो थांबण्यासाठी! मुलीचा अर्थ आमच्या सिग्नलला चपखल बसतो.

आणि पोटशब्द म्हणतात तितकं रस्त्याचं आणि रेल्वेचं गोत्र वेगळं नाही. जगातला पहिला रस्त्यावरचा सिग्नल १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ बसला, तो रेल्वेतल्या माणसानेच, जे. पी. नाइट यांनी उभा केला. दिवसा चक्क रेल्वेसारखे हात, रात्री लाल-हिरवे गॅसचे दिवे. हात आडवे तर थांबा, खाली उतरले तर जपून जा. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला आणि ते प्रकरण गुंडाळलं गेलं.

पोटशब्द:
लंडनचा हात पडला म्हणून मराठीत सिग्नल पडला, हे मला पटवायला बरंच लांब जावं लागेल.

जुनाखटका:
चढणीचा, तुमच्या स्टेशनवर हात वर गेल्यावर लोक काय म्हणायचे, ते सांगा ना. खरं सांगा.

चढणीचा:
…‘सिग्नल पडला’च म्हणायचे. हात वर जात असूनही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

जुनाखटका:
तेच तर! शब्द जुन्या सिग्नलवर घडला आणि नव्यावर तसाच चालत राहिला. फोनला तबकडी राहिली नाही तरी आपण नंबर फिरवतोच की.

आडवा हात म्हणजे थांबा, हेही सुरुवातीपासून नव्हतं. रेल्वेत हाताचे सिग्नल १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये आले. तेव्हा पद्धत अशी की हात एरवी खांबाच्या खाचेत लपलेला, रस्ता मोकळा, आणि धोका असेल तेव्हाच हात बाहेर काढायचा. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडमधल्या ॲबट्स रिप्टन इथे हिमवादळात हात खाचेतच गोठून बसला. केबिनमधून खटका फिरवूनही सिग्नल ‘जा’च दाखवत राहिला. एडिंबराहून लंडनला निघालेली एक्सप्रेस कोळशाच्या मालगाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून लीड्सकडे जाणारी दुसरी एक्सप्रेस आली. त्यानंतर रीत उलटी झाली. हात एरवी आडवा, थांबा. गाडीपुरता मोकळा करायचा आणि पुन्हा आडवा. तार तुटली तरी वजनाने आडवाच व्हायला हवा. तुम्ही पाहिलात त्याची तार तुटलीय आणि हात आडवा आहे ना? रूळ नाहीत, गाडी नाही, पण तो अजून ‘थांब’ म्हणतोय.

शब्दाचं उत्तरही इथेच आहे, माझ्या मते. आडवं असणं ही नेहमीची अवस्था, तिला कोण कशाला नाव देईल? घडायचं ते एकच, हात पडायचा. म्हणून बोलीत शब्द आला तो पडण्याला.

पोटशब्द:
हे पटलं. रेल्वेचा ‘पडला’ सिग्नलच्या हाताचा, हे मान्य. पण रस्त्याचा ‘पडला’ माझा, अंधार-थंडी-दान यांच्या पंगतीतला. दोन वेगळे शब्द एकसारखे कपडे घालून आलेत.

रस्त्याकडेचा:
मलाही आता तसंच वाटतंय. एक राहिलंच. हाताच्या बुडाशी असलेल्या चौकटीतली शाबूत काच हिरवी नव्हती, निळसर होती. ऊन लागून रंग गेला असेल का?

जुनाखटका:
गेला नाही. ती निळसरच असते. मागे रॉकेलचा दिवा, त्याची ज्योत पिवळी. पिवळ्या ज्योतीपुढे निळसर काच धरली की लांबून हिरवा दिसतो. खरी हिरवी काच लावली असती तर दिवा पिवळट दिसला असता. दिवसा बघणाऱ्याला म्हणून ती चुकीची वाटते.

कोपऱ्यावरची:
दिव्यावरून आठवलं. आपण ‘हिरवा कंदील दाखवला’ म्हणतो, हिंदीत ‘हरी झंडी’. म्हणजे एकाच गार्डच्या एका हातातलं त्यांनी घेतलं, दुसऱ्या हातातलं आपण. गार्डचा कंदील पाहिलाय कुणी? एकच ज्योत आणि रंगीत काचा फिरवायच्या. आता प्रकल्पांना, बदल्यांना, वाढीव बांधकामांना तोच दाखवतात.

कुंपणावरचा:
उशिरा आलो. रस्त्याने जाताना जुनी रेल्वे शोधायची तर कुंपणं बघत जा. उखडलेले रूळ फाटकाच्या, शाळेच्या, विहिरीच्या कडेला खांब म्हणून उभे असतात. रुळाच्या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात, कारखान्याचं नाव आणि साल. खडूने घासलं की वाचता येतं. मी एका गोठ्याच्या दाराशी ‘टाटा’ वाचलंय, आणि गोठ्याचा मालक म्हणाला, “हो, आमचा रूळ आहे.” पूर्वी रेघा आखायचा लाकडी रूळ, मैदानावर फिरवायचा रूळ आणि गाडीचा रूळ. त्यात पहिले दोन गोल, गोलगोल फिरणारे, आणि तिसरा एका जागी पडून राहणारा, तरी नाव तेच. याचं काय ते पोटशब्दांनी सांगावं.

पोटशब्द:
त्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथेच रात्र पडेल.

चढणीचा:
‘पडेल’! आणि धागा वेगळा काढायचाच तर वाघिणीचाही काढा. मालगाडीची वॅगन मराठीत आली आणि वाघीण झाली. “घाटात सात वाघिणी घसरल्या” अशी बातमी लहानपणी वाचून मी रात्रभर झोपलो नव्हतो. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला तेव्हा निदान कुणी घाबरलं नाही.

जुनाखटका:
वाघीण मुकाट्याने रुळावर चालते तोवर ठीक. रस्त्याकडेचा, एक काम करा. मामांना विचारा, हात पडल्यावर गाडी गेली, मग हात पुन्हा वर गेला. त्याला ते काय म्हणायचे? उठला? चढला? आमच्या केबिनमध्ये ‘सिग्नल परत केला’ म्हणायचे, पण तो खटक्याकडून पाहणाऱ्याचा शब्द झाला. फलाटावरून पाहणाऱ्याचा कोणता होता, ते मला कधी कळलं नाही.

रस्त्याकडेचा:
आत्ताच फोन केला. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “गाडी गेल्यावर सिग्नलकडे कोण बघत बसलंय?”