सड्यावरचं चरण (कातळपठारावरचं गुरांचं कुरण): वाटायचं की एकत्र राखायचं?

सत्तरीचा राखणो
"सामायिक चरण म्हणजे ज्याची गुरं जास्त त्याची चंगळ. गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम ६१ खाली वाटणीचा अर्ज टाका, सर्व्हेअर आणा, आपापल्या तुकड्याला तार घाला." परवा इथे कुणीतरी टाकलेलं हे लिखाण वाचल्यापासून डोकं तापलंय. लिहिणाऱ्याने सड्यावर एकदा तरी मे महिना काढलाय का? आमचं नऊ हेक्टर चरण, १-१४ च्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) चार नावं. धाकट्या काकाने वाटणीचा अर्ज टाकलाय. वर सगळा जांभा. पावसात गुडघाभर गवत, शिमग्यानंतर नुसता कातळ. बारमाही झर एकच, तीही खालच्या कोपऱ्यात. सव्वादोन-सव्वादोन हेक्टर कागदावर सारखेच दिसतील, पण पाणी एकाला आणि तिघांना तापलेला दगड. शेजारच्या वाड्यावर वाटणी झाली, तारा आल्या. पाण्याच्या ओढीने गाभण गाय तारेत घुसली, कास फाटली. टाके घालताना मी तिचे पाय धरून बसलो होतो.

भागीदार नं. ३
ते लिखाण माझं. चुलत्याची चौदा गुरं, माझ्या दोन गायी. शंभर काजूरोपं लावली, त्याच्या बैलांनी एका दुपारी शेंडे खाल्ले. जमीन सगळ्यांची, नुकसान माझं एकट्याचं! सामायिकात राहायची सक्ती कायदा कुणावर करत नाही.

काणकोणची लेक
चार नावं म्हणजे चार पुरुषच ना? बहिणी कुठे गेल्या? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून लेक लेकाइतकीच वाटेकरी. जमिनीचा सर्व्हे झाला तेव्हा घरात जो बाप्या उभा होता त्याचं नाव चढलं. माझा भाऊ चवथीला पेढे घेऊन आला, पेढ्यांच्या पुड्याखाली कागद. हक्क सोडल्याचा. मी सही केली, वाचलं नाही.

भागीदार नं. ३
विषय चरणाचा आहे, माहेरच्या रुसव्यांचा नाही. लग्न होऊन गेलेल्यांनी गोठ्यातलं शेण काढलंय कधी?

काणकोणची लेक
बावीस वर्षं काढलंय, दहावीच्या परीक्षेच्या सकाळीही. तोंड सांभाळून बोला. बहिणींना वगळून केलेली वाटणी उद्या कोर्टात उभी राहील का, ते वकिलाला विचारा.

फोंड्याचे मास्तर
बाय बरोबर बोलतेय. मालकीवर वाद निघाला की प्रकरण दिवाणी कोर्टात जातं, मग मुलं म्हातारी होतात. आणि नुसत्या बहिणी नव्हेत. इथल्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता बहुतेक घरांत सामायिक असते, त्यामुळे जोडीदारांच्याही सह्या लागतात. आमच्या घरात तीन भावांच्या वाटणीला अकरा सह्या झाल्या. पण आम्ही झर, गुरांना पाणी पाजायची दगडी दोण आणि गुरांची वाट सामायिक ठेवली, फक्त बाकीचं वाटलं. वाट नकाशावर आखून घेतली, दोन गुरं शेजारून जातील इतकी रुंद. तोंडी ठेवली असती तर पुढच्या पिढीने तिच्यावर दगडांचा गडगा घातला असता.

सत्तरीचा राखणो
मी पाण्यासाठी भांडत होतो आणि आत्याचं नाव उताऱ्यावर नाही हे कधी डोक्यातच आलं नाही. लाज वाटते. सुनावणीआधी तिला फोन करतो. पण झर कुणा एकाच्या तुकड्यात गेली तर मी सही करणार नाही.

भागीदार नं. ३
झर आणि वाट सामायिक राहिली तर माझी हरकत नाही. बाय, शेणाचं बोललो ते चुकलंच. काजूभोवतीची तार मात्र काढणार नाही.