बूट फाइल्स जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर नेण्याबाबत

प्रश्न:
माझे विंडोज ११ एसएसडीवर आहे, परंतु ते इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्कही जोडलेली असल्यामुळे बूट फाइल्स (संगणक चालू होताना विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स) तिच्यावर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्येच, म्हणजे अशा फाइल्ससाठी राखलेल्या छोट्या भागातच गेल्या. आता ती डिस्क खडखड आवाज करू लागली आहे आणि तिची केबल काढली की संगणक सुरूच होत नाही. दोन्ही डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग पाडण्याची नवी पद्धत) पद्धतीच्या आहेत. विंडोज पुन्हा न टाकता या फाइल्स एसएसडीवर नेता येतील का?

उत्तर १:
नेता येतील, मात्र त्या कॉपी-पेस्ट करू नका. मदरबोर्डच्या बूट नोंदीत जुन्या पार्टिशनचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे नुसत्या फाइल्स हलवल्या तरी ती नोंद जुन्याच जागी बोट दाखवत राहते. विंडोजमधील बीसीडीबूट हे साधन फाइल्सही नव्याने लिहिते आणि नोंदही करते.

डिस्क आवाज करत आहे, तेव्हा सर्वांत आधी तिच्यावरील डेटा दुसरीकडे काढून घ्या. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह ३०० एमबीने श्रिंक (लहान) करा. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून डिस्कपार्ट (डिस्कचे भाग करण्याचे कमांडवर चालणारे साधन) उघडा, आकार पाहून एसएसडीच निवडली असल्याची दोनदा खात्री करा, मोकळ्या जागेत २६० एमबीचे ईएफआय पार्टिशन तयार करा, ते फॅट३२ या फाइल-रचनेत फॉरमॅट करा आणि त्याला झेड हे अक्षर द्या. एरवी १०० एमबी पुरतात. २६० चा आकडा ४के सेक्टरच्या (डेटाचे कप्पे मोठे असलेल्या) डिस्कसाठी आहे, पण सर्वत्र तोच ठेवणे बरे. शेवटी डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करून द्या:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

उत्तर २:
वरील पद्धत योग्य आहे, पण बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजमधील सोय) चालू असेल तर आधी ते सस्पेंड (तात्पुरते बंद) करा आणि रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) हाताशी ठेवा, कारण बूटची जागा बदलल्यावर संगणक ती मागू शकतो. जुने ईएफआय पार्टिशन लगेच पुसू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. संगणक पूर्ण बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि केवळ एसएसडीवर तो सुरू होतो का, ते पाहा; नाही झाला तर केबल परत जोडली की पूर्वस्थिती मिळते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. केबल काढूनही संगणक व्यवस्थित सुरू झाला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता एसएसडीवरील नव्या पार्टिशनपुढे 'सिस्टम' आणि सी ड्राइव्हपुढे 'बूट' असे दिसते. हे उलटे तर झाले नाही ना?

उत्तर १:
नाही, हे बरोबर आहे. बूट फाइल्स असलेल्या पार्टिशनला विंडोज 'सिस्टम' म्हणते आणि स्वतः ज्यावर आहे त्याला 'बूट'. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /इन्फो' देऊन रिकव्हरीची, म्हणजे विंडोज दुरुस्तीच्या साधनांची जागाही तपासा. ती जुन्या डिस्कवर असेल तर डिस्क पुसण्याआधी तीही हलवावी लागेल.