मदत हवी आहे : भजनाच्या ध्वनिमुद्रणात टाळ बुवांचा आवाज गिळून टाकतो

विणेकरी
नमस्कार. आमच्या भजनी मंडळाचे अभंग आम्ही नुकतेच मुद्रित केले. समोर बसून जे भजन गोड लागते, ते मुद्रणात मात्र ऐकवत नाही. टाळ सगळ्यांवर कुरघोडी करतो, पखवाज कोठून तरी लांबून ऐकू येतो आणि बुवांचा आवाज मध्येच खाली बसून पुन्हा वर येतो. आषाढीची दिंडी निघण्यापूर्वी हे मुद्रण मुंबईच्या मंडळींना पाठवायचे आहे. टाळ कमी करून आवाज वर आणणारे एखादे सॉफ्टवेअर त्वरित सुचवावे. मोफत असल्यास उत्तम.

पेटीमास्तर
मुद्रण कशावर केले, कोठे केले, माइक किती होते आणि मंडळी कशी बसली होती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरेल.

विणेकरी
मंदिरातच केले, भजन आणखी कोठे करणार? मोबाइलवर केले. मी फक्त सॉफ्टवेअरचे नाव विचारले आहे.

नादखुळा
हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे गायन आणि वाद्ये वेगळी काढणारी साधने मिळतात. मी एका जुन्या कॅसेटवर असा प्रयोग केला होता आणि निकाल बरा आला होता. करून पाहायला हरकत नाही.

ध्वनिचालक
कॅसेटवर बहुधा तबला आणि पेटी असेल. टाळाची गोष्ट वेगळी आहे. टाळाची किणकिण ज्या वरच्या पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात ‘स’ आणि ‘श’ यांचे उच्चार असतात, त्यामुळे टाळ छाटायला गेलात तर बुवा बोबडे होतात. शिवाय आवाज मध्येच खाली बसतो, हे लक्षण ओळखीचे आहे. मोबाइल पातळी आपोआप कमीजास्त करतो : टाळ पडला की तो सगळेच दाबतो आणि दोन टाळांच्या मधल्या जागेत सगळे पुन्हा उचलतो. बुवांच्या तानेवर टाळाच्या लयीचा असा ठसा एकदा उमटला की तो नंतर पुसणे जवळजवळ अशक्य असते. माऊली, मुद्रण पुन्हा करा. मंडपाला छत कसले आहे आणि मोबाइल नेमका कोठे ठेवला होता, तेवढे सांगा.

विणेकरी
वर पत्रा आहे, खाली फरशी आहे. मोबाइल साउंड बॉक्ससमोर ठेवला होता, कारण तेथे आवाज सर्वांत मोठा येतो.

पेटीमास्तर
म्हणजे बुवांचा आवाज माइकमधून बॉक्समध्ये, बॉक्समधून पत्र्यावर आणि तेथून मोबाइलमध्ये गेला. पहिली गोष्ट म्हणजे मुद्रणाच्या वेळी बॉक्स बंद ठेवा. फरशीवर सतरंज्या आणि घोंगड्या अंथरा, बुवांच्या मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, पंखे बंद करा आणि पाऊस नसलेली वेळ निवडा, कारण पत्र्यावर सर आली की सगळा खटाटोप वाया जातो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावून तो पेटीच्या पट्टीत नीट लावून घ्या. उतरलेला पखवाज चांगल्या माइकमधून अधिकच उतरलेला ऐकू येतो.

स्टुडिओप्रेमी
एवढे करण्यापेक्षा शहरातील स्टुडिओत जावे. आधी पखवाज, मग पेटी, मग बुवा आणि शेवटी टाळ, असे वेगवेगळे मुद्रण कानात वाजणाऱ्या यांत्रिक ठोक्याच्या तालावर केले की कोणीच कोणाला झाकत नाही.

पेटीमास्तर
भजनाला हा उपाय लागू पडत नाही. अभंगाची लय चढत जाते आणि ती टाळकरी, पखवाजी व बुवा एकमेकांकडे पाहून चढवतात. कानात ठोका घालून एकट्याने गायलेला अभंग स्वच्छ येईल, पण त्यात मंडळ उरणार नाही.

स्टुडिओप्रेमी
ठोक्याची गती टप्प्याटप्प्याने वाढवता येते, हे आपल्याला ठाऊक नसावे.

तबकडी
या वादात एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माइक नव्हता. कर्ण्यात गायचे आणि ते थेट कोरले जायचे. विद्युत मुद्रण 1925 च्या सुमारास आले. त्याआधी समतोल साधायचा तो अंतराने : नाजूक आवाज कर्ण्याजवळ, दणकट वाद्य लांब. आपल्या टाळकऱ्यांनाही चार पावले मागे न्यावे.

बत्तीसबिट
बत्तीस बिट फ्लोटचे रेकॉर्डर आता मिळतात. त्यांत पातळी लावण्याची चिंताच उरत नाही, टाळ कितीही मोठा असो.

ध्वनिचालक
पातळीची चिंता मिटते, पत्र्याची नाही. साध्या चोवीस बिट रेकॉर्डरवरही आवाज फाटण्याची मर्यादा शून्य धरून सर्वांत मोठा टाळ उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवला की पुरते. तबकडी यांचा मुद्दा मात्र योग्य आहे : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, बंद मंडपात त्याहून कमी. म्हणून केवळ अंतरावर विसंबू नका. बुवांना कार्डिऑइड जातीचा साधा डायनॅमिक माइक वीतभर अंतरावर द्या आणि टाळकरी त्या माइकच्या पाठीमागे, म्हणजे बुवांच्या समोर, उभे करा. हा माइक मागून सर्वांत कमी ऐकतो. टाळकरी बुवांच्या पाठीशी उभे राहिले, तर माइकचे तोंड थेट टाळांकडे होते.

अभंगवेडा
यूट्यूबवर टाकताना चित्र विठ्ठलाचे ठेवावे आणि वर्णनात अभंगाचे पूर्ण शब्द द्यावेत, म्हणजे लोक शोधून येतात.

विणेकरी
यूट्यूबचा विषयच नाही. मांडववाल्याकडून दोन माइक आणि दोन माइक लागणारा रेकॉर्डर आणून काल चाचणी घेतली. टाळकरी समोर उभे केले, बॉक्स बंद ठेवला. बुवांचा एकेक शब्द सुटा ऐकू येतो आणि टाळ मागे राहूनही झणझणीत वाटतो. पखवाजाला दुसरा माइक उजव्या अंगाला शाईजवळ, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाजवळ, दिला होता. तेथे नुसती टकटक येते, घुमारा नाही.

ध्वनिचालक
घुमारा कणकेच्या अंगाचा असतो. माइक डाव्या पुडीपासून हातभर लांब घ्या आणि किंचित समोर सरकवा, म्हणजे दोन्ही पुड्या त्याला ऐकू येतील. मग जास्तच घुमू लागले तर पखवाजाखालची सतरंजी दुहेरी करा.